कार्यशाळेचा वार

दहावीत गणिताला अडकलेल्या मुलाबद्दल घरी, पारावर आणि शिक्षकांच्या खोलीतही एकच निकाल ऐकू येतो : ‘पुस्तकात डोकं नाही त्याचं, घाला कुठंतरी गॅरेजवर.’ या निकालात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. मुलाला डोके नाही ही एक आणि गॅरेजच्या कामाला डोके लागत नाही ही दुसरी. डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून नोझल गेले आहे की टायमिंग चुकले आहे हे सांगणाऱ्या मिस्त्रीजवळ ज्याने तासभर काढला असेल, तो दुसरी गोष्ट पुन्हा म्हणणार नाही. पहिली मात्र आपण बिनदिक्कत म्हणत राहतो. शाळेने मुलाला शिकवले नाही असे म्हणण्यापेक्षा मुलाला शिकता आले नाही असे म्हणणे सोयीचे असते.

पुढच्या पानांतले बहुतेक लेखन निदेशकांनी केले आहे. कोरडवाहू गावांतल्या आणि शहरांतल्या झोपडवस्त्यांमधल्या शाळांत तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना वेल्डिंग, वायरिंग, नळजोडणी, गवंडीकाम, कुक्कुटपालन, खाद्यपदार्थ बनवणे अशी कामे ते शिकवतात. लिहिणे हा त्यांचा व्यवसाय नाही. म्हणूनच त्यांच्या लेखनात ‘सक्षमीकरण’ फारसे सापडत नाही. रॉड किती लागले, पत्रा किती वाया गेला, कोणत्या मुलाला टेप वाचता येत नव्हता आणि तो कसा यायला लागला, हे सापडते. प्रस्तावना लिहिणाऱ्याने त्यांच्या आणि वाचकाच्या मध्ये फार वेळ उभे राहू नये. तरी हा विषय आपल्याकडे कुठून आला, कुठे अडला आणि त्यात धोका कोणता, एवढे आधी सांगायला हवे. धोका आहे आणि तो मोठा आहे.

शाळेत हातचे काम शिकवा ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्यही मागितले होते. शेतकऱ्याच्या करातून शाळा चालते आणि शेतकऱ्याच्या मुलाला तिथे त्याच्या कामाचे काहीच मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ रुजवले. पण तिथे काम होते ते मुख्यतः शिक्षणाचा खर्च निघावा आणि मुलाला श्रमाची लाज वाटू नये म्हणून. काम करता करताच गणित आणि विज्ञान शिकावे, ही कल्पना वर्ध्याची. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि ‘नयी तालीम’ सुरू झाली. सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्याने ती निष्ठेने चालवली.

देशभर ती का टिकली नाही याची कारणे लोक आपापल्या मताप्रमाणे देतात. मला दोन पटतात. एक म्हणजे, पुष्कळ शाळांमध्ये सूत कातण्याची टकळी हा कामाचा भाग न राहता प्रार्थनेचा भाग झाला. शिक्षकाला सूत नीट कातता येत नव्हते आणि त्या सुताची गावात कोणाला गरजही नव्हती. दुसरे म्हणजे, शहरातल्या मुलांची शाळा आहे तशीच राहिली. आपल्या मुलांसाठी टकळी आणि त्यांच्या मुलांसाठी इंग्रजी, हे गावकऱ्यांनी लगेच ओळखले. या योजनेत मुलांच्या कमाईवर इतका भर पडू शकेल की शिकणे मागे राहील, असा इशारा झाकीर हुसेन समितीने आपल्याच अहवालात दिला होता. तो इशारा आजही प्रत्येक कार्यशाळेच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे.

आता धोक्याविषयी. आपल्या गावगाड्यात कसब शिकवण्याची सोय शेकडो वर्षे होतीच. सुताराचा मुलगा वाकस धरायला शिकला, लोहाराचा भाता ओढायला, चांभाराचा रापी चालवायला. त्या शिक्षणात फी नव्हती, परीक्षा नव्हती आणि सुटकाही नव्हती. जातीने कामाबरोबर काम करणारी माणसेच कायमची वाटून टाकली, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली मांडले. तेव्हापासून ‘गरिबांच्या मुलांना हातचे काम शिकवा’ असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याने कान टवकारलेच पाहिजेत. मद्रास राज्यात हा धोका प्रत्यक्षात आला. १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईबापांच्या धंद्यात हात घालावा अशी योजना काढली. विरोधकांनी तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले. पेरियार आणि द्रमुक रस्त्यावर उतरले, राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि १९५४ मध्ये कामराजांनी ती योजना गुंडाळली. तिच्यामागचा हेतू शाळांची संख्या न वाढवता जास्त मुलांना सामावून घेण्याचा होता, असे म्हणणारे आजही आहेत. असेलही. पण न्हाव्याच्या मुलाने अर्धा दिवस वस्तराच धरायचा असेल, तर हेतू विचारण्यात अर्थ उरत नाही.

मग फरक कशाने पडतो? एखादे कसब मुलाला मोकळे करते की बांधून ठेवते, हे कसे ओळखायचे? माझ्यापुरत्या मी तीन कसोट्या धरतो. काम कोणाच्या मुलाने शिकायचे हे आडनाव पाहून ठरत नाही ना, ही एक. शिकता शिकता मुलाला मोजमाप, आकृती आणि हिशेब हाती लागतात की नुसते हात वळतात, ही दुसरी. आणि पुढे शिकायचा रस्ता उघडा राहतो ना, ही तिसरी. या कसोट्या लावून पाहायला महाराष्ट्रात जागा आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. इतिहासाची आवड असलेल्यांना ते मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असते. तालुक्याचा हा भाग कमी पावसाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे १९८३ साली राहायला गेले. अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेत पीएच. डी. केलेला हा माणूस म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेत आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम करून, पन्नाशी उलटल्यावर, मुदतीआधी निवृत्ती घेऊन पत्नी मीराताईंसह गावात आला. त्यांनी काढलेला विज्ञान आश्रम पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून सुरू झाला. ही संस्था जे. पी. नाईकांची. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिवही तेच. शाळेत ‘कार्यानुभव’ हवा असे त्या आयोगाने सांगितले, आणि बहुतेक शाळांनी त्याचे काय केले हे आपल्याला आठवते : वेळापत्रकात तास आणि तासाला कागदी फुले. नाईक १९८१ साली गेले. त्यांच्या संस्थेच्या छायेखाली कार्यानुभवाचा खरा अर्थ पाबळच्या माळावर उघडला, हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

कलबागांचे म्हणणे थोडक्यात असे होते. शाळा सोडलेला मुलगा मंद नसतो. हाताने, डोळ्याने, चुकत-माकत शिकण्याची माणसाची जी नैसर्गिक रीत आहे, तिला शाळेत जागा नसते म्हणून तो बाहेर पडतो. त्याला खरे काम द्या, गावाला हवे असलेले द्या आणि त्याचे पैसे घ्या. गिऱ्हाईक पैसे देते तेव्हा ते तपासून घेते. तेवढी कडक परीक्षा कोणतेही मंडळ घेत नाही. आश्रमात एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. प्रवेशाला टक्के विचारले जात नव्हते. चार विभागांतून प्रत्येकाने फिरायचे : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. कलबाग २००३ साली वारले. आश्रम चालू आहे.

हे ‘प्रत्येकाने चारही’ वरवर पाहता अव्यवहारी वाटते. शहरातला आयटीआय एक ट्रेड धरतो : फिटर म्हणजे फिटर, वायरमन म्हणजे वायरमन. १९५० पासून चाललेल्या त्या योजनेने कारखान्यांना माणसे दिली आणि तिथे ते बरोबरच होते. पण दोन-तीन हजार वस्तीच्या गावात नुसत्या वेल्डरला रोज काम मिळत नाही. आज कोणाच्या गोठ्याचा अँगल तुटतो, उद्या पाणबुडी मोटार जळते, परवा नळाची जोडणी गळते, त्यानंतर आठ दिवस काहीच नाही. गावात टिकतो तो चार कामे येणारा आणि पाचवे येत नसेल तर कोणाला बोलवायचे हे ठाऊक असणारा माणूस. चौदाव्या वर्षी एकच कसब गळ्यात बांधण्यापेक्षा चार चाखू देण्याचा दुसरा लाभ असा की, मुलाला आपला कल कळतो. वेल्डिंगला घाबरलेला मुलगा कोंबड्यांच्या शेडमध्ये रमल्याचे एका निदेशकाने पुढे लिहिले आहे.

याच अभ्यासक्रमाचे शाळेसाठीचे रूप म्हणजे ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’. माध्यमिक शालान्त मंडळाने आठवी ते दहावीसाठी त्याला मान्यता दिली. आठवड्यातून एक दिवस कार्यशाळेचा, शिकवणारा शक्यतो गावातलाच कारागीर, काम शक्यतो गावातल्याच गरजेचे. या पुस्तकाचे नाव त्या दिवसावरून पडले आहे. शाळा नावडती असलेली मुलेही त्या वारी येतात, असे मुख्याध्यापक सांगतात.

त्या दिवशी नेमके काय शिकले जाते, हे एका उदाहरणावरून पाहू. खोलीचा पाया आखताना गवंडी काटकोन कसा काढतो? एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवायची. पायथागोरसचे प्रमेय पाठ न झालेला मुलगा हे पाच मिनिटांत शिकतो. खरी मजा पुढे आहे. मोठ्या खोलीला मिस्त्री तीन-चार-पाच न घेता सहा-आठ-दहा घेतो. का? मुलांना विचारा आणि टेप हातात द्या. पाचच्या जागी पाव इंच चुकले, तर वीस फुटांच्या भिंतीचे टोक सुमारे दोन इंच बाजूला जाते. सहा-आठ-दहामध्ये तेवढ्याच चुकीला विचलन निम्म्यावर येते. हे मुलांनी भिंतीवर पाहिले की मोजमापातली चूक म्हणजे काय, ती कशी वाढत जाते आणि कशी आवरायची, हे त्यांना कळते. अकरावी विज्ञानाच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ते कळलेले नसते.

तसेच गाईचे. तिचे वजन करायला काटा कोणाकडे असतो? छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करायचा, शरीराच्या लांबीने गुणायचे, ३०० ने भागायचे. उत्तर पौंडांत येते. घेर साठ आणि लांबी पन्नास इंच असेल तर सहाशे पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो. जंताचे औषध वजनाप्रमाणे द्यायचे असते, त्यामुळे गोठ्यातल्या या गुणाकार-भागाकारांना अर्थ असतो. उत्तर चुकले तर औषधाची मात्रा चुकते. मुलगा ते दोनदा तपासतो. तपासून पाहा म्हणून शिक्षकाला सांगावे लागत नाही.

हिशेबाचे प्रकरण मात्र मी वाचकाला आग्रहाने वाचायला सांगेन, कारण आपले कारागीर तिथेच मार खातात. लोखंडी स्टूल केले. अँगल, पट्टी, रॉड, रंग यांची बेरीज झाली. वर थोडा नफा धरला आणि विकले. स्वतःची मजुरी? वीज? ग्राइंडरच्या चाकाची आणि मशीनची झीज? घसारा न धरता वर्षानुवर्षे धंदा करणारा माणूस वरून कमावताना दिसतो आणि आतून मशीन खात असतो. शाळेत चिक्की करून विकणाऱ्या आठवीच्या मुली गुळाबरोबर गॅसही धरायला शिकतात. ब्रॉयलरची एक बॅच वाढवणारी मुले एक किलो वजनाला किती किलो खाद्य गेले हे रोज लिहितात आणि ते प्रमाण बिघडले की कारण शोधतात : खाद्य सांडते आहे, पिल्ले आजारी आहेत की रात्री थंडी लागते आहे.

इथे मुली आणि मुलगे असे वाटप नाही, हे आवर्जून सांगायला हवे. मुलगे पाककृती करतात, मुली आर्क मारतात, आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासायला दोघेही शिकतात. पालकांची पहिली हरकत मुलीच्या वेल्डिंगला असते, दुसरी मुलग्याने लाटणे धरण्याला. पहिली हरकत लवकर मावळते. घरातला तुटलेला पाळणा मुलीने जोडून दिला की बाप शेजाऱ्यांना दाखवतो.

सुरक्षिततेवर एक निदेशक फार रागावून लिहितो. त्याचा राग योग्य आहे. गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत पोरे उघड्या डोळ्यांनी आर्ककडे पाहतात आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले की बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतात. नायलॉनचा शर्ट ठिणगीने पेटतो आणि अंगाला चिकटतो. सुती कपडे आणि बंद बूट हवेत. अर्थिंगचा खड्डा मुलांनी स्वतः खणावा, त्यात पत्रा, कोळसा आणि मीठ घालावे, उन्हाळ्यात पाणी घालण्याची पाळी लावावी. कायद्याच्या बाजूनेही सावध राहावे लागते. बालमजुरीच्या कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावता येत नाही आणि अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामाला. त्याच दुरुस्तीत शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला मात्र मुभा आहे. मद्रासची ती योजना दारातून गेली आणि या खिडकीतून थोडी परत आली, असे मला वाटते. म्हणून शाळेतल्या कामाची सीमा स्पष्ट हवी : ते मूल शिकण्यासाठी करते, ठरलेल्या वेळेत करते आणि त्यावर कोणाचे दुकान चालत नाही.

धोरणांविषयी फार लिहीत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांपैकी १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचे ठरवले होते. तसे झाले नाही. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा असे म्हटले आणि सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले. १९ ते २४ वयोगटातल्या कामकरी तरुणांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहून कमी होते, हा बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळातला अंदाज त्याच धोरणात दिलेला आहे. आकडे कागदावर चढत-उतरत राहतात. कार्यशाळा कशाने बंद पडते हे निदेशकांना विचारावे. मशीन एकदा घ्यायचे असते, त्याचा फोटो निघतो, त्याला निधी मिळतो. रॉड, पत्रा, सिमेंट, पिल्ले आणि वीजबिल दर महिन्याला लागते आणि त्याला कोणी देणगीदार नसतो. निदेशकाचे मानधन अनेक ठिकाणी कंत्राटावर, उशिरा आणि शिपायापेक्षा कमी. मग चांगला कारागीर एक दिवस शाळा सोडून आपल्या दुकानात जाऊन बसतो, आणि मशीनवर ताडपत्री पडते.

आणखी एक अडचण पैशांची नाही. हा विषय फक्त गरिबांच्या शाळेत राहिला तर गरीबच त्याच्याकडे पाठ फिरवतील, आणि त्यांचे बरोबर असेल. वर्ध्याला हेच झाले. पाबळमध्ये मात्र मुलांनी भूगर्भातले पाणी शोधायला जमिनीचा विद्युत्‌रोध मोजला, किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात उभ्या राहिलेल्या घुमटाकार घरांचे तंत्र तिथूनच गेले, जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर झाला, आणि २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी आपल्या ‘फॅब लॅब’ नावाच्या कार्यशाळांच्या सुरुवातीच्या जागांमध्ये या खेड्याची निवड केली. नापासांना गुंतवून ठेवण्यासाठीचा उद्योग म्हणून यातले काहीच झाले नसते. पुण्या-मुंबईच्या नामांकित शाळेतल्या मुलालाही कार्यशाळेचा वार हवा. त्याला तर जास्तच हवा. नळाचा वायसर बदलायला त्याचा बाप ॲपवरून माणूस बोलावतो.

हे पुस्तक वाचायला पहिल्या पानापासून सुरुवात करण्याची गरज नाही. शिक्षक असाल तर हिशेबाचे आणि सुरक्षिततेचे प्रकरण आधी वाचा. पालक असाल तर मुलींवरचे. कारागीर असाल तर शेवटचे, कारण ते तुमच्यासारख्यांनाच शाळेत बोलावण्याविषयी आहे. आणि तुमच्या गावच्या शाळेत अशी कार्यशाळा असेल तर पुढच्या सभेत जाऊन दोनच गोष्टी मागा : दर महिन्याच्या कच्च्या मालासाठी वेगळी रक्कम, आणि दहावीचे वर्ग आले म्हणून कार्यशाळेचा वार जादा तासांना देऊ नये असा ठराव. दुसरी मागणी मंजूर करून घेणे जास्त अवघड जाते, म्हणून ती आधी मांडा.